वय १३, मराठी वाचन मात्र ९ वर्षांचं – कादंबऱ्या सुचवा

कोलशेतची_कावेरी

मंडळी, मदत हवी आहे. लेक १३ वर्षांची, आठवीत, इंग्रजी माध्यम. वाचत नाही असं अजिबात नाही. उशीएवढे जाड इंग्रजी ठोकळे दोन दिवसांत फस्त करते. ड्रॅगन, जादू, जगबुडी, सगळं चालतं. पण मराठी पुस्तक हातात दिलं की पंधराव्या मिनिटाला पाणी प्यायला उठते ती उठतेच.

परवा शेजारी बसून नीट पाहिलं. गोष्ट तिला कळत होती, शब्दही बहुतेक ओळखीचे होते. अडखळत होता तो डोळा. 'उद्ध्वस्त'वर बोट ठेवून थांबली, ओठ हलवत फोड केली, शब्द लागला तेव्हा चेहरा उजळला, पण तोवर वाक्याची सुरुवात विसरली. मग परत मागे. अर्ध्या तासात सहा पानं झाली. इंग्रजीत तेवढ्या वेळात चाळीस होतात. वैताग येणारच ना?

म्हणून सोपं पुस्तक आणलं, तर त्यात ससा आणि कासव. 'आई, मी काय पहिलीत आहे?'

तर डोकं १३ वर्षांचं आणि मराठी वाचन ९ वर्षांचं, अशी गाठ आहे. कादंबरीच सुचवा, कथासंग्रह नको, तिला लांबलचक गोष्टीत बुडी मारायला आवडतं. उपदेश नको. सासऱ्यांनी 'श्यामची आई' आणून ठेवली आहे, ती गेले सहा महिने कपाटातून माझ्याकडे बघते आहे.

ठाण्यात कुठे चाळायला मिळतील तेही सांगा. न बघता मागवायची माझी तयारी नाही, आधीच तीन पुस्तकं धूळ खात पडलीत.

नौपाड्याचे_नाना

फास्टर फेणे. पुढचा धागा काढा.

ऐरोली_स्लो

नानांना +१. भा. रा. भागवतांना दंडवत.

कोलशेतची_कावेरी

नाना, फाफे दहाव्या वर्षीच झाला हो. मीच वाचून दाखवला. फुरसुंगी, सायकल, ट्टॉक्, सगळं आवडलं होतं. आता म्हणते, 'तो माझ्यापेक्षा लहान आहे.'

नौपाड्याचे_नाना

आमच्यापेक्षा तर तो केव्हाचाच लहान आहे. आम्ही सोडला का?

खाडीपलीकडचा

कावेरीताई, तुमच्या मुलीत काही कमी नाही. आपल्या कपाटातच मोठं भगदाड आहे. मराठीत गाडी फास्टर फेणेच्या फलाटावरून सुटते ती थेट 'मृत्युंजय'ला थांबते. मधल्या स्टेशनांवर फास्ट थांबत नाही, आणि स्लो येतच नाही. १२ ते १५ या वयाला आपण दोनच गोष्टी दिल्या, लहान मुलांची पुस्तकं किंवा मोठ्या माणसांची पुस्तकं.

मी स्वतः 'मृत्युंजय' आठवीच्या मे महिन्यात वाचलं. पुस्तक १९६७ चं, आमच्या घरातली प्रत पाठीचा कणा मोडलेली, दोऱ्याने बांधलेली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण असे एकेक जण येऊन आपली बाजू सांगतात, याचंच मला अप्रूप वाटलं होतं. एकाच घटनेबद्दल दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी खरेपणाने सांगू शकतात हे मला तिथे कळलं. भाषा मात्र अलंकारांनी मढवलेली. कळली नाही तरी मी पुढे जात राहिलो, कारण माझा डोळा मराठीला सरावलेला होता. तुमच्या मुलीला ती भाषा पहिल्या दहा पानांत घाम फोडेल. त्यामुळे आत्ता नको.

मी देईन तर 'शाळा'. मिलिंद बोकील, २००४. नववीतला मुकुंद स्वतः बोलतो, शाळकरी पोरं बोलतात त्याच भाषेत. वाक्यं लहान, संवाद भरपूर, आणि विषय तर तिच्या वयाचाच. ९ वर्षांच्या डोळ्यांना आणि १३ वर्षांच्या डोक्याला एकदम झेपेल असं माझ्या पाहण्यात हेच आहे.

मृद्गंधा_नेरूळ

'शाळा' आठवीतल्या मुलीला?? त्यात पोरांची भाषा काय आहे ते आठवतंय ना? मुलींबद्दल जे बोलतात ते? मला पुस्तक फार आवडतं, पण मी माझ्या मुलीला अकरावीत दिलं.

खाडीपलीकडचा

ताई, तुमची मुलगी रोज स्कूलबसमध्ये बसत होती ना? तिथे ओव्या चालतात का?

मृद्गंधा_नेरूळ

बसमध्ये ऐकणं वेगळं आणि आईने हातात देणं वेगळं. आईने दिलं की त्यावर शिक्का बसतो.

चष्मेबद्दूर

मृद्गंधाताईंचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यावर उपायही त्यातच आहे. देऊ नका. टेबलावर विसरा. आमच्या घरी बाबांनी सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या माळ्यावर 'लपवल्या' होत्या. माझं अख्खं मराठी त्या माळ्यावर सुधारलं. ॲड. अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन ही मंडळी मला मामा-काकांपेक्षा जवळची होती. नंतर कळलं की बाबांना सगळं माहीत होतं, शिडी तेच मुद्दाम तिथे ठेवायचे.

ऐरोली_स्लो

माझ्याकडे माळा नाही, वनबीएचके आहे. ओव्हनमध्ये लपवू का?

नौपाड्याचे_नाना

ओव्हनमध्ये नारायण धारपांच्या भयकथा ठेवा. रात्री दूध गरम करायला कोणी जाणार नाही.

सुलभाआजी_वाशी

मी ७१ वर्षांची आहे, जरा सविस्तर लिहिते. 'श्यामची आई'ला तुम्ही सगळे घाबरता ते पाहून गंमत वाटली. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत झरझर लिहिलं. ते लिहिलेलं नाहीच, ते सांगितलेलं आहे. पुस्तकातही श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र पहिली, रात्र दुसरी' अशी नावं. एकूण ४२ रात्री. सांगितलेली गोष्ट मुलाच्या हातात कोंबून 'वाच' म्हटलं तर ती जड जाणारच.

माझ्या दोन नातवांना मी सुट्टीत रोज एक रात्र वाचून दाखवली. धाकटा दहाचा, थोरला तेराचा. थोरला पहिल्या आठवड्यात मोबाइल घेऊन बसायचा. नको बसू म्हटलं नाही मी. पोहायला जायला घाबरून श्याम लपतो आणि आई शिंपटीने मारते, तो भाग आला तेव्हा मोबाइल खाली गेला. म्हणाला, 'आजी, हे चाइल्ड ॲब्यूज आहे.' मग त्यावर आमचं तासभर भांडण. ४२ रात्री पुऱ्या झाल्या नाहीत, २६ व्या रात्री ते पुण्याला परत गेले. पण भांडण अजून चालू आहे, दर रविवारी फोनवर.

कावेरी, सासऱ्यांना सांग, पुस्तक आणलंत तर वाचूनही तुम्हीच दाखवा.

कोलशेतची_कावेरी

आजी, हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनाही संध्याकाळी काम हवंच असतं. 🙏

खारघरचा_बाबा

नमस्कार. मी बाबा नाही, बाबांचा आयडी उघडा होता. मी नववीत आहे. एक विचारायचं होतं. मोठी माणसं जी पुस्तकं 'छान आहे वाच' म्हणतात, त्यात नेहमी कोणीतरी का मरतं? 'पाडस' दिलं, त्यात शेवटी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मी दोन दिवस जेवलो नाही. 'तोत्तोचान' दिलं, म्हणाले मजेशीर आहे, आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा आहे. त्यात कुत्रा हरवतो, मित्र मरतो आणि शेवटी बाँबहल्ल्यात शाळाच जळते. मजेशीर???

चष्मेबद्दूर

😂😂 या धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद. बाळा, तुझा स्वतःचा आयडी काढ.

मृद्गंधा_नेरूळ

अरे, 'पाडस'चा शेवट फोडलास की!

खारघरचा_बाबा

मी कुठे सांगितलं काय होतं ते? फक्त जेवलो नाही म्हटलं.

ऐरोली_स्लो

प्रस्ताव: यापुढे प्रत्येक शिफारशीसमोर जीवितहानी नमूद करावी.
फास्टर फेणे – शून्य. सायकलही सुखरूप.

खाडीपलीकडचा

'बनगरवाडी' – दुष्काळ, मेंढरं. आकडा मोजलेला नाही. तरीही द्यावी असं म्हणेन. जेमतेम वयात आलेला मास्तर एका धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. पुस्तक लहान आहे, आणि माडगूळकरांचं वाक्य इतकं स्वच्छ की डोळ्याला कुठे ठेच लागत नाही. काही माणदेशी शब्द अडतील, तेवढेच.

पनवेल_पॅसेंजर

'जैत रे जैत' कोणी कसं म्हणालं नाही? गो. नी. दांडेकर. आपल्या अंगणातली गोष्ट आहे हो! पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो, तिथल्या ठाकर आदिवासींची. नाग्या, लिंगोबाचा डोंगर, आणि त्याने आग्या माश्यांशी मांडलेलं वैर. १९७७ चा सिनेमा आणि त्यातली गाणी सगळ्यांना माहीत, कादंबरी कोणी उघडत नाही. आम्ही आधी पोरांना कर्नाळ्याला नेलं, सुळक्याला लागलेली मधमाश्यांची पोळी दाखवली (लांबूनच, आणि आवाज न करता), आणि मग पुस्तक काढलं. गाडीतच सुरू झालं.
जीवितहानी: आहे. माश्यांचीही आहे.

खाडीपलीकडचा

पुस्तक उत्तमच, पण ठाकरी बोली आहे. कावेरीताईंची मुलगी 'उद्ध्वस्त'वर अडतेय. तिला दुसऱ्या पानावर सोडाल.

पनवेल_पॅसेंजर

मोठ्याने वाचलं की बोली अडत नाही. अडते ती डोळ्याला, कानाला नाही. आजी वर तेच म्हणाल्या.

इंग्लिश_विंग्लिश

काडी टाकतो. मुलगी वाचते आहे ना? मग मराठीच कशाला? आपली हौस पोरांच्या माथी का?

चष्मेबद्दूर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कोलशेतची_कावेरी

प्रश्न रास्त आहे, राग नाही. मी मराठी भाषा वाचवायला निघालेली नाही. पण ती माझ्या आईशी मराठीतच बोलते. आई आता ८० ची आहे, तिची पत्रं आणि एक वही आहे माझ्याकडे. अजून दहा वर्षांनी ती वही हिला दिली आणि ही अर्ध्या तासात सहा पानंच वाचू शकली, तर कंटाळून ठेवून देईल. एवढंच.

इंग्लिश_विंग्लिश

काडी मागे घेतो.

मृद्गंधा_नेरूळ

कावेरी, यावर मी केलेला उपाय सांगते. अनुवाद. मुलीला परदेशी गोष्टी आवडतातच, मग त्याच मराठीतून द्यायच्या. शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' ('लिटल विमेन'चा अनुवाद) माझ्या मुलीने तीनदा वाचलं. मूळ पुस्तक ती नंतर वाचायला गेली तर म्हणाली, 'यातल्या मुली चौघीजणीसारख्या बोलत नाहीत.' 😀 सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टींचे अनुवाद अशोक जैन यांनी केलेत. रहस्य आहे, पुस्तकं आटोपशीर आहेत, आणि गोष्ट सांगणारा तोपशे स्वतःच पोरगेलासा. मारामारी आहे, पण कोणाला रात्री झोप लागणार नाही असं काही नाही. हॅरी पॉटर तिने इंग्रजीत वाचला असेल तर 'हॅरी पॉटर आणि परीस' देऊन बघ. गोष्ट पाठ असली की डोळा अडखळला तरी डोकं पुढे धावतं आणि डोळ्याला ओढत नेतं. हाताला सराव होईपर्यंत गाडी रिकाम्या मैदानात चालवतात ना, तसं.

खाडीपलीकडचा

हे पटलं. माझ्या 'शाळे'पेक्षा हा उपाय आधी करा.

मृद्गंधा_नेरूळ

अहो, स्क्रीनशॉट काढून ठेवते.

ऐरोली_स्लो

ड्रॅगनवालीला विज्ञानकथा चालतील का? नारळीकरांची 'वामन परत न आला'. जमिनीखाली खोदताना प्राचीन काळच्या पुढारलेल्या संस्कृतीची पेटी सापडते, आणि तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव तयार करतात. आज सगळे एआय-एआय करतात, तेव्हा हे पुस्तक काढून पोरांना म्हणायचं, हे बघ, आमच्या लहानपणचं आहे.

सुलभाआजी_वाशी

कादंबरी नको असेल तेव्हा 'किशोर' मासिक विसरू नका. बालभारतीचं, १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एकेक गोष्ट दोन-तीन पानांची. जेवणाआधीच्या वरणासारखं.

कळव्याचा_कळवळा

नवीन लेखकांकडेही बघा की मंडळी, सगळे आपापल्या बालपणात अडकलेत. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते. मराठीत २०२१ ला संजय वाघांची 'जोकर बनला किंगमेकर', २०२२ ला संगीता बर्वेंची 'पियूची वही', २०२४ ला भारत सासणेंची 'समशेर आणि भूतबंगला'. तिन्ही कादंबऱ्या आहेत. कावेरीताईंच्या मुलीला यातली भूतबंगल्याची आधी दाखवा, नावातच अर्धं काम झालंय.

बाकी पुरस्कार कळतात, पण पुस्तक दिसतं कुठे? दुकानात मराठी बालविभाग म्हणजे रंगवायची वही आणि शंभर बोधकथा. आमच्या पोराच्या शाळेत तर ग्रंथालयाच्या तासाला गणिताची उजळणी चालायची, कपाटाला कुलूप. किल्ली कोणाकडे आहे ते दोन वर्षांत कळलं नाही.

नौपाड्याचे_नाना

बाहेर कुलूप नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे, स्टेशनपासून चालत जा. मी चौथीत असल्यापासून सभासद. कावेरी, मुलीला घेऊन जा, पण तुम्ही बाहेर थांबा. आई मागे उभी असली की पोरं आईचं पुस्तक निवडतात.
येताना मिसळ खा.

पनवेल_पॅसेंजर

मामलेदार? मध्यम तिखट सांगा, पहिल्यांदाच असाल तर.

ऐरोली_स्लो

मध्यम तिखट – जीवितहानी शक्य.

इंग्लिश_विंग्लिश

मिसळीत पाव की ब्रेड यावर आता २०० प्रतिसाद होणार. मी निघतो.

चष्मेबद्दूर

(त्या विषयावरचे १४ प्रतिसाद संपादक मंडळींनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. योग्यच केलं.)

मूळ विषयाकडे. श्राव्य पुस्तकांचं काय? ॲपवर मराठी भरपूर आहे. माझी भाची ऐकता ऐकता पुस्तकात बोट फिरवते. तिचा वेग दोन महिन्यांत वाढला.

मृद्गंधा_नेरूळ

ऐकणं म्हणजे वाचन नव्हे, पण बोट फिरवत ऐकणं म्हणजे आजीच. फरक एवढाच की आजी मधे थांबून 'कळलं का गं?' विचारते.

सुलभाआजी_वाशी

आणि घोरायलाही लागते.

पनवेल_पॅसेंजर

एक राहिलंच. 'रारंगढांग', प्रभाकर पेंढारकर. हिमालयात रस्ते बांधणाऱ्यांची गोष्ट. विश्वनाथ मेहेंदळे मुंबईची नोकरी सोडून तिथे इंजिनीअर म्हणून जातो आणि लष्करी शिस्तीशी त्याची जुंपते. नियम मोठा की माणूस, यावर १३ वर्षांच्या पोरांएवढं तावातावाने कोणी भांडत नाही, त्यामुळे वय बरोबर आहे. आमच्याकडे मुलाने एका बैठकीत संपवलं.
जीवितहानी: आहे, क्षमस्व.

खारघरचा_बाबा

पुन्हा?

पनवेल_पॅसेंजर

डोंगरात सुरुंग लावून रस्ता काढतात रे. पण बकरी, कुत्रा, हरीण यांच्यासाठी रडावं लागणार नाही.

कोलशेतची_कावेरी

तीन आठवड्यांनी परत आले आहे. अहवाल देणं लागते.

नानांच्या सांगण्याप्रमाणे ग्रंथ संग्रहालयात गेलो, मी बाहेर थांबले. वीस मिनिटांनी ती 'वामन परत न आला' आणि 'शाळा' घेऊन आली. तुम्हा कोणाचंही नाव मी सांगितलं नव्हतं, शपथ. 'शाळा' का, तर मागचं पान वाचलं आणि त्यात नववी दिसली. वामन तिसऱ्या दिवशी परत गेला, 'रोबो छान आहे पण माणसं फार वेळ मीटिंग करतात.' ऐरोलीकर, राग मानू नका.

'शाळा' चालू आहे. मृद्गंधा, शिव्यांपाशी मी श्वास रोखून होते. ती म्हणाली, 'आई, हे खूपच सौम्य आहे.' आता हे ऐकून मला बरं वाटावं की वाईट, ते ठरलेलं नाही.

खरी गंमत पुढे झाली. पुस्तकात आणीबाणी येते. तिने मला विचारलं, मी तीन वाक्यांत आटपलं. मग ती आजोबांकडे गेली. सासरे तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी १९७५ च्या जूनपासून सुरुवात केली ती रात्री साडेदहापर्यंत, जेवणाच्या ताटावरही चालूच. शेवटी ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, 'आई, आजोबा थांबतच नाहीत.' दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर स्वतःच जाऊन बसली, 'मग मार्च ७७ ला काय झालं?' सुलभाआजी, 'श्यामची आई' अजून कपाटातच आहे, पण आजोबा बाहेर आले.

वेग मोजला. अर्ध्या तासात ११ पानं. बोट अजून फिरतं, ओठ हलायचे बंद झालेत.

पुढचं 'रारंगढांग' ठरलंय. तिचा प्रश्न: ढांग म्हणजे काय?

पनवेल_पॅसेंजर

सरळसोट उभा कडा. रारंग हे तिकडच्या गावाचं नाव. बाकी तिला वाचू द्या.

मृद्गंधा_नेरूळ

'खूपच सौम्य आहे'... मी अकरावीपर्यंत कशाला थांबले देव जाणे.

नौपाड्याचे_नाना

एक मिनिट. 'शाळा' म्हणजे संग्रहालयातली, पुठ्ठ्याचा कोपरा गेलेली प्रत का? नातवासाठी दोन आठवडे नंबर लावून बसलोय. काउंटरवर म्हणतात, 'एक मुलगी दोनदा मुदत वाढवून गेली.'

कोलशेतची_कावेरी

नाना, गुरुवारी देते. ४० पानं राहिलीत. नक्की गुरुवारी.

खारघरचा_बाबा

११ पानांनी अर्धा तास म्हणजे ४० ला दोन तासही नाही लागत. तिला सांगा उद्याच दे.